पुताव्यातला विस्तव

२ मार्च, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे कुणाला तरी लागेल.
परसातल्या बीच जातीच्या झाडावर पुतावा आलाय! खोडातून फळीसारखी बाहेर आलेली अळंबी, माझ्या हॅटएवढी. आमचे माओरी पूर्वज यातच विस्तव धुमसत ठेवून एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामाला न्यायचे. बघताक्षणी ठरवलं. २९ तारखेला सासूबाईंना ऐंशी पूर्ण. मराएवर, म्हणजे गोताच्या सामायिक आवारात, अख्खं गोत जमणार, तापल्या दगडांवर जेवण पुरून शिजवायला हांगीचा खड्डा खणणार. त्या खड्ड्यातला जाळ मी पेटवणार, काडी न ओढता. लग्न झाल्यापासून मला तिथे बटाटे सोलायला बसवतात. दगड तापवणाऱ्या पुरुषांत एकदाही बोलावलेलं नाही. बस्स झालं.

४ मार्च
मेहुणा होहेपा येऊन गेला. गावच्या फायर ब्रिगेडमध्ये स्वयंसेवक आहे, त्यामुळे सगळ्यातलं कळतं. म्हणाला, दाजी, ही अळंबी बाहेर दिसली म्हणजे झाडाचा गाभा कधीच कुजलाय, पाडून टाका, नाहीतर कोंबड्यांच्या खुराड्यावर येईल. खोडावर थाप मारून दाखवली. ढब्ब वाजलं. मी म्हटलं, भरलेल्या पोटाचाही असाच आवाज येतो.
बुंध्याशी भोक आहे, नाही असं नाही. खांद्यापर्यंत हात जातो. पण ते कपाट आहे, निसर्गाने दिलेलं. मी त्यात बिअर ठेवतो. कुजक्या झाडात बिअर इतकी गार राहिली असती का?

९ मार्च
पुतावा कापला. वाळायला वेळ लागतो म्हणे. ओव्हनमध्ये टाकला. मेरेआना म्हणाली, घरभर ओल्या मोज्यांचा वास सुटलाय. बायकोला इतिहासाची आवड नाही. नंतर त्याच ओव्हनमध्ये तिने पाव्हलोवा केक केला आणि म्हणाली, तूच खा आता हा सगळा. खाल्ला. तत्त्व म्हणून.

१५ मार्च
सराव. लायटर संपला, अंगठा भाजला, पुतावा ढिम्म. उद्यापासून पहाटे उठून सराव.

१६ मार्च
उठलो नाही. रविवार होता.

२२ मार्च
जमलं!! कडेला लाल ठिपका, बारीक धूर. थोड्या वेळाने विझला, पण तत्त्वतः यशस्वी. खिडकीत ठेवून दिला. सासूबाईंना फोन करून सांगितलं, जाळाचं माझ्यावर सोडा.  त्या म्हणाल्या, अहो, पण बटाटे कोण सोलणार?

२३ मार्च
खिडकीच्या पडद्याला भोक. कसर लागली असावी.

२९ मार्च, पहाटे
पुतावा पेटवला, ओल्या मातीत लिंपला, टोपलीत ठेवला.  आज मी खड्ड्याजवळ उभा राहणार. मेरेआनाला पर्समध्ये लायटर टाकताना पाहिलं. 

२९ मार्च, दुपार
सगळे खड्ड्याभोवती. मी छोटंसं भाषण केलं. होहेपाच्या मते छोटं नव्हतं. माती फोडली. आत काळा, गार गोळा. चक्कर येईपर्यंत फुंकलं. कुणीतरी म्हणालं, दाजी, केक अजून यायचाय. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, एक्याऐंशी पूर्ण व्हायच्या आत मला जेवायचंय. मेरेआनाने पर्स उघडली.
बटाटे सोलले. फार वाईट वाटलं. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

२९ मार्च, संध्याकाळ
घरी आल्यावर पुतावा कपाटात, म्हणजे झाडातल्या, भिरकावला. त्याचं तोंड बघायचं नाही. पूर्वजांनीही थोडं वाढवूनच सांगितलेलं दिसतंय.
परसात धुराचा वास येतोय. शर्टाला हांगीचा लागला असेल.

३० मार्च
झाडाच्या शेंड्यातून धूर. आधी धुकं वाटलं. मग ठिणग्या. मेरेआनाने फोन केला, लाल गाडी आली, हेल्मेट घातलेला होहेपा उतरला. खालच्या भोकात पाइप घातला, तर वरून वाफ आली. मधे काहीच नव्हतं. नुसतं धुराडं. मग झाड सावकाश आडवं झालं. खुराड्यावरच. कोंबड्या बाहेर होत्या. बिअर आत होती.
सासूबाई सपाता घालून बघायला आल्या. होहेपाने फावड्यावर पुतावा बाहेर काढला. पोटात अजून लाल होता. सासूबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. म्हणाल्या, बघा, पुताव्याने विस्तव बरोबर नेला! मराएवरून थेट घरी. यात त्याची काही चूक नाही.

२० एप्रिल, ईस्टर
मराएवर पुन्हा हांगी. गेल्या गेल्या होहेपाने माझे खिसे तपासले. मी आपणहून बटाट्यांकडे निघालो. ते खड्ड्याच्या फार जवळ आहेत म्हणे. मला मागच्या दारी, नळाशेजारी बसवून कांदे दिले.
सासूबाई जाताजाता म्हणाल्या, जावईबापू, नळ चालू ठेवा हं.