कढतीचा वाटा

सोमवार, २४ डिसेंबर १९५६
पोचलो एकदाचे! नागपूरहून चांद्यापर्यंत आगगाडी, पुढे धुळीची मोटार, वैनगंगेला नाव, आणि शेवटी सहा कोस बैलांची दमणी. माझी हाडं खिळखिळी झाली. हे मात्र थर्मामीटरची पेटी मांडीवर घेऊन असे बसले होते, जसं तान्हं लेकरूच घेतलंय. लोक नाताळच्या सुट्टीत बायकोला थंड हवेच्या ठिकाणी नेतात. आमचे गुणवंतराव पडले विज्ञानाचे मास्तर, त्यांना जमिनीतून गरम पाणी कुठे निघतं ते बघायची हौस. सात वर्षांत हा आमचा चौथा झरा.

जंगलखात्याचा बंगला छान आहे. दोन खोल्या, व्हरांडा, समोर सागाचं रान. झाडांच्या मधून वाफ वर जाताना दिसते, तोच झरा. इथले लोक त्याला 'कढती' म्हणतात. चौकीदार लटारूभाऊ बोलका आहे. चांदा जिल्हा गेल्याच महिन्यात मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, हे ह्यांनी त्याला समजावून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, रान जिथल्या तिथीच आहे, साहेब. ह्यांच्यावर बरी मात झाली.

एक गोष्ट फक्त या वहीला सांगते. मला तिसरा महिना चालू आहे. आधीची दोन्ही तिसऱ्यातच गेली. दोन्ही वेळा मी आनंदाने लगेच सांगून बसले, आणि नंतर हे न्हाणीघरात तोंडात पंचा कोंबून रडत होते, ते मी ऐकलंय. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. आता संक्रांतीपर्यंत तोंड शिवून बसायचं. दमणीत यायला नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून आले.

मंगळवार, २५ डिसेंबर
आज कढती पाहिली. काळ्या दगडांत बैलगाडीच्या चाकाएवढं कुंड, पाणी सारखं बुडबुडतंय. ह्यांनी लगेच मोजलं, एकशे अठ्ठ्याण्णव अंश फॅरनहाइट. गोड बातमी मिळाल्यासारखा चेहरा झाला होता!

पाण्याची राखण सोमारीबाई नावाची म्हातारी गोंडीण करते. इथली रीत अशी की येणाऱ्याने माणशी एक तांदळाची पुरचुंडी सुतळीने खुंटीला बांधून पाण्यात सोडायची, आणि एक जास्तीची, बिनसुतळीची, कढतीचा वाटा म्हणून. आपला भात शिजला की ओढून घ्यायचा. तिचा वाटा तिला.

सोमारीबाईने माझ्याकडे बघून विचारलं, "कितीक जीव आले, बाई?" हे शेजारीच उभे. मी म्हटलं, दोन. तिने पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा दोन म्हटलं. तिने तीन पुरचुंड्या बांधून दिल्या.

अर्ध्या तासाने ओढल्या तर ह्यांच्या पुरचुंडीत मोकळा, सुंदर भात. माझी सुतळी रिकामी आली. गाठ जशीच्या तशी, पुरचुंडी नाही. हे म्हणाले, माशाने ओढली असेल. उकळत्या पाण्यात मासा, आणि हे विज्ञान शिकवतात! हसत हसत एकाच पुरचुंडीतला भात दोघांनी खाल्ला. सोमारीबाई हसली नाही.

बुधवार, २६ डिसेंबर
सकाळी सोमारीबाई बंगल्यावर आली. पायरी चढेना. अंगणातूनच माझ्या पोटाकडे बघत राहिली. हे झऱ्यावर गेले होते, ते बरं झालं. "काऊन लपवलं?" एवढंच म्हणाली आणि गेली.

मी लटारूभाऊला खोदून खोदून विचारलं. तो आधी टाळत होता. मग म्हणाला, कढतीला माणसं नाही, जीव मोजून सांगावे लागतात. जेवढे सांगाल तेवढेच ती परत जाऊ देते. "तुमी दोन सांगतले, तं दोनच वापस जातीन."

मी हसण्यावारी नेलं. हसले खरी, पण मग दिवसभर पोटावरून हात निघेना. हाताला पोट गरम लागतंय. ताप नाही. तेवढंच, बशीएवढं, गरम.

गुरुवार, २७ डिसेंबर
हे वाटेवरच्या नाल्याच्या वरच्या अंगाला नमुने घ्यायला गेले, तेवढ्यात मी चोरून कढतीवर गेले. चार पुरचुंड्या नेल्या. मोठ्याने सांगितलं, तीन जीव आहेत, माझी चूक झाली. तीन बांधल्या, चौथी सोडून दिली. पुरता तासभर बसले.

ओढल्या. तांदूळ कच्चे. नुसते कच्चे नाहीत, थंड. रात्रभर दवात ठेवल्यासारखे थंड, त्या उकळत्या पाण्यातून. मग सोडून दिलेली चौथीही आपोआप काठाला लागली. कढतीने ती घेतली नाही.

सोमारीबाईने चारही उचलून रानात फेकल्या. मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "आता तिले तांदूळ नाई पायजे, माय." माय म्हणाली आणि डोळे पुसले. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

शुक्रवार, २८ डिसेंबर
सगळं ह्यांना सांगून टाकलं. बाळाचं ऐकून आधी हे वेड्यासारखे हसले, मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. कढतीचं ऐकून म्हणाले, खुळचटपणा आहे, पण तुला भीती वाटते ना, मग आत्ताच निघू.

दुपारी लटारूभाऊने दमणी जुंपली. नाला ओलांडायच्या आत कळ आली. तीच, दोन्ही वेळची ओळखीची. कमरेतून निघून खाली उतरणारी. मी ओरडले. हे म्हणाले, गचक्यांनी होतंय, बैल हळू हाका. नाल्यात चाक उतरलं आणि मला पुढचं दिसेना.

दमणी मागे वळवली. बंगला दिसताच कळ थांबली. गचके तर परततानाही तेवढेच होते.

 ह्यांनी आपल्या मोजमापांच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं.

शनिवार, २९ डिसेंबर
सकाळी लुगड्याला डाग. थोडासा.

लटारूभाऊला डॉक्टर आणायला गडचिरोलीला धाडलं. यायला तीन दिवस लागतील.

हे सोमारीबाईकडे गेले होते. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत. मी विचारलं, तिसरा जीव कोणता ते ती ठरवते का? हे म्हणाले, तसं काही नसतं. मग म्हणाले, तिला कोणताही चालतो.

नंतर सहज सांगितल्यासारखं सांगितलं. पाण्यात चुकून हात गेला. एकशे अठ्ठ्याण्णव अंश. पोळला नाही. हात दाखवला. साधा, खडूने कोरडा पडलेला हात. शाळेतल्या प्रयोगासारखं सांगत होते. मला म्हणाले, नवल आहे.

मी तो हात सोडला नाही. दुपारभर धरून बसले.

रविवार, ३० डिसेंबर
डाग नाही आता. रक्त.

खाटेवरून उठायचं नाही असं ह्यांनी बजावलंय. स्वतः पेज केली, करपवली. चमच्याने भरवली. मी चिडवलं, की उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अजून बाळाचा पत्ता नाही आणि आतापासून भरवणं. हसले. नाव विचारलं. मुलगी झाली तर काय ठेवायचं. मी म्हटलं, संक्रांतीनंतर बघू. म्हणाले, नाही, आत्ता सांग.

सांगितलं.

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं.

ह्यांच्याकडून शपथ — मी म्हटलं शपथ घ्या, कढतीवर जाणार नाही. म्हणाले, घेतली. शपथेवर ह्यांचा विश्वास नाही. हे मला माहीत होतं. तरी मी —

सोमवार, ३१ डिसेंबर. सकाळ
डोळा लागला होता. उठले तर शेजारची खाट रिकामी. थर्मामीटरची पेटी इथेच. ती सोडून हे कधी —

ह्यांचा चष्मा माझ्या या वहीवर घडी घालून ठेवलेला. पान उघडून त्यांच्या अक्षरात एक ओळ, नीट, रेघेवर. 'पाणी कोमट लागते. तू येऊ नकोस.'

ओरडले. लटारूभाऊ नाही. कोणी नाही. उठले, दारापर्यंत, मग भिंत धरून —

व्हरांड्यातून वाफ दिसत होती. वर जात होती. मग थांबली. एकदम. रान स्वच्छ दिसलं, झाड न् झाड. मग पुन्हा वाफ.

दुपार
रक्त थांबलं.

थांबलं. तीनदा बघितलं. पोट आता गार आहे, माझ्या हातासारखंच. आत बरं वाटतंय. देवा, मला बरं वाटतंय. मला हे नको होतं. मला हेही हवं होतं, दोन्ही —

सोमारीबाई आलीय. आज पायरी चढून आत आली. हातात त्यांच्या पुरचुंडीची सुतळी, ओली. ती माझ्या मनगटाला बांधते आहे. लिहू नको म्हणते. तिने दमणी जुंपून आणली आहे, पण निघण्याआधी कढतीला सांगावं लागतं, या वेळी खरं. ती विचारते आहे, कितीक जीव, माय —

मी सांगत नाही. मी नाही सांगणार. तोंडातून येतंय आपोआप —

दो