शनिवारचं लिंबू

आबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून मी हे तोंडानं म्हणत म्हणत लिहिते आहे. रविवारची दुपार आहे, तुमची नात केस धुऊन ओट्यावर उन्हात बसली आहे, आणि मघाशी तिनं आत डोकावून विचारलं, "मम्मी, कोणाशी बोलतेयस?" मी म्हटलं, हिशोब करतेय. खोटं बोलले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेव्हा ती दोन वर्षांची होती. तिला तुमचं फक्त एवढंच आठवतं की कोणीतरी तिला उचलायचं आणि त्याच्या हाताला ग्रीसचा वास यायचा.

आता अक्कलकुव्यात तुमच्या गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. पण हायवेवरून जाताना मला अजून तो पत्र्याचा मांडवच दिसतो. बाहेर चार-पाच गाड्या उभ्या, आणि शनिवार असेल तर दहा-बारा. तुम्ही कोरीट गावची शेती भावांवर सोपवून इथं आलात आणि पाना हातात घेतलात. मी सातवीनंतर घरी बसले. घरी म्हणजे तुमच्या गॅरेजातल्या खोक्यावर. स्पेअर पार्ट ज्या कागदांत गुंडाळून यायचे ते वर्तमानपत्राचे कागद सरळ करायचे आणि वाचायचे, ही माझी शाळा. कधी बातमीचं डोकं असायचं, धड नसायचं. एका खुनाचा खुनी मला आजपर्यंत कळलेला नाही, कारण पुढचा तुकडा कुठल्यातरी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या क्लचप्लेटबरोबर गेला.

तुमची गिऱ्हाइकं आठवली की अजून हसू येतं. गुजरातेतून कापड घेऊन येणाऱ्या त्या फेरीवाल्यानं मागच्या नंबरप्लेटला बायकोची जुनी चप्पल बांधलेली होती. नजर लागू नये म्हणून ना, असं मी विचारलं, तर म्हणाला, "नजरबिजर नही बेन. चप्पल दिसली की ती मागंच बसलीय असं वाटतं, आपोआप हळू चालवतो." एकजण आपल्या गाडीच्या नंबरची बेरीज आठ येते म्हणून दर महिन्याला गाडी विकायला काढायचा. तुम्ही त्याला म्हणालात, "भाऊ, बेरीज येस तुले, वजाबाकी येत नही का?" धडगावकडचे पहाडातले लोक घाटाच्या सुरुवातीला पाल्याची डहाळी टाकल्याशिवाय गाडी वर घालायचे नाहीत. निघताना कोणी "कुठं निघालास?" विचारलं तर काहीजण गाडी बंद करून पाच मिनिटं बसून राहायचे. काळा दोरा, मोरपीस, बाळाचा इवलासा बूट, टाकीवर देवमोगरा मातेचा फोटो, सगळं चालायचं तुम्हाला. तुम्ही कोणालाच हसायचा नाहीत, आणि हेच मला खटकायचं.

त्यात तुमचं लिंबू. दर शनिवारी जो येईल त्याच्या गाडीला एक लिंबू, सात मिरच्या, एक कोळशाचा तुकडा, तेही फुकट. आणि बांधायला किती वेळ! समोरच्या चाकाशी उकिडवे बसायचात, दोरा ओवायचात, सोडायचात, परत ओवायचात. गिऱ्हाईक वैतागायचं, "आबा, उशीर व्हई ऱ्हायना." तुमचं ठरलेलं उत्तर, "थांब भाऊ, गाठ बसू दे." मग आधीचं लिंबू हातात घेऊन वैद्यानं नाडी बघावी तसं बघायचात आणि सांगायचात, लिंबू एका बाजूनं काळं पडलंय, चेन बदलावी लागेल. आणि माणूस निमूटपणे चेन बदलायचा. मला वाटायचं, माझा बाप भोंदू आहे. तुमच्या स्वतःच्या लुनालाही लिंबू लटकलेलं असायचं. एकदा मी विचारलं, तुमच्या गाडीला कशाला? तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे ना माय. तुले काय तरास व्हई ऱ्हायना?"

सतरा वर्षांची होते. ब्रेकशूच्या एका कागदात अंधश्रद्धेवरचा अख्खा लेख मिळाला, वरपासून खालपर्यंत, एकही कोपरा फाटलेला नाही. मी तो तीनदा वाचला आणि त्याच शनिवारी तोंड उघडलं. समोर होते ते नवे गुरुजी, घाटातल्या शाळेवर रोज जाणारे, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. तुम्ही त्यांच्या चाकाशी दोरा ओवत होतात. मी खोक्यावरून म्हटलं, "शिकलेली माणसंसुद्धा लिंबाच्या भरवशावर गाडी चालवतात, मग आमच्यासारख्यांनी शाळा सोडली त्यात काय बिघडलं?" गुरुजी कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, "पोरगी बोलतेय ते खरं आहे, आबा. राहू द्या." गाडीला किक मारली आणि गेले. तुमच्या हातात लिंबू तसंच.

तुम्ही मला कधी मारलं नाहीत, त्या दिवशीही नाही. दोरा बोटाला गुंडाळत एवढंच म्हणालात, "तू बोलनी ते खरं शे. पण तू मन्हा शनवार मोडी टाका." मला त्याचा अर्थ कळला नाही. मी जिंकले असंच मला वाटत होतं.

गुरुजी पुढचे चार शनिवार आले नाहीत. पाचव्या आठवड्यात एक जीपवाला सांगत आला की गुरुजी घाट उतरताना वळणावर वळलेच नाहीत, सरळ गेले. नशीब की तिथं कोणीतरी गवताचे भारे रचून ठेवले होते. हात मोडला, बाकी माणूस शाबूत. तुम्ही गाडी जीपमध्ये घालून आणलीत, मला जवळ बोलावलंत, मागचं चाक उघडलंत आणि ब्रेकशू माझ्या तळहातावर ठेवलात. "हाई दख." झिजून नुसतं लोखंड राहिलं होतं. मग तुम्ही रिकाम्या गाडीला लिंबू बांधून दाखवलंत. डाव्या हातात दोरा, आणि उजवा हात आपला एकटाच फिरतोय: चाक उचलून फिरवतोय, चेनचा झोल बघतोय, ब्रेक दाबून सोडतोय, चाकाचा नट चाचपतोय. दोरा सुटायचा तो याचसाठी. मी इतकी वर्षं समोर बसून तुमचा फक्त डावा हात बघत होते.

मी विचारलं, मग सरळ सांगत का नाही लोकांना? तुम्ही मांडवाच्या मागं पडलेली एक पाटी दाखवलीत. कोणाकडून तरी रंगवून घेतली होती, 'दर आठवड्याला ब्रेक तपासा'. म्हणालात, "वरीसभर टांगेल व्हती. एक माणूस उना नही. माणूस ब्रेक दखाडाले येत नही, लिंबू बांधाले येस."

गुरुजी प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून आले, तो दिवस तर मी रोज एकदा आठवते. तुमच्या कानाशी वाकून म्हणाले, "आबा, लिंबू बांधा. पण पोरीला सांगू नका." मी खोक्यामागंच होते. मग हात बरा होईपर्यंत ते गॅरेजातच बसायचे, आणि मी अर्धे कागद वाचते हे बघून एकदा त्यांनी मला अख्खं पुस्तक आणून दिलं. त्याला शेवट होता. मला शेवट असलेलं काहीतरी पहिल्यांदा मिळालं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, लग्न तुम्हीच लावलंत. मांडवात सगळ्यांसमोर म्हणालात, जावई मले लिंबूनी दिना. लोकांना काही कळलं नाही, आम्ही दोघं खाली मान घालून हसत होतो.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते सांगते. गुरुजी गेले, चार वर्षं झाली. आजारानं गेले, दवाखान्यात. गाडीनं त्यांना शेवटपर्यंत काही केलं नाही, कारण दर शनिवारी लिंबू मी बांधायचे. त्यांचा चहाचा कप मी अजून पालथा घालून ठेवते, वापरत नाही, फेकतही नाही. ते असू दे. सांगायचं होतं ते वेगळंच. ते गेल्यावर महिन्याभरानं मी सकाळी दार उघडून बाहेर आले, तर समोरच्या घरातला, कचेरीत कारकून असलेला, गाडी चालू करत होता. मला बघितलं, गाडी बंद केली, घरात जाऊन पाणी पिऊन आला आणि मग निघाला. वाईट माणूस नाही हो. गुरुजींना दवाखान्यात त्यानंच नेलं होतं. पण रस्त्याला लागताना विधवा समोर येऊ नये, हेही त्याच्या गाडीच्या काळ्या दोऱ्यासारखंच एक. त्या दिवसापासून गल्लीतल्या गाड्या निघेपर्यंत मी आतच थांबायला लागले. मला कोणी सांगितलं नाही. मीच थांबले.

तुमची नात नर्स झाली आहे, आबा. धडगावच्या रस्त्यावर, घाटात वरच्या एका गावी उपकेंद्रात नोकरी लागली. बापाची मोटरसायकल घेऊन रोज जाते-येते. पहिल्या दिवशी जाऊबाईंनी गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. पोरगी निघताना मागं वळून मला शोधत होती, आणि मी खिडकीपासून आणखी मागं सरकले. नंतर मी हँडलला लिंबू-मिरची बांधायचं काढलं तर म्हणाली, "मम्मी, पेशंट हसतील मला. लिंबानं गाडी थांबते का?" माझंच वाक्य फिरून घरी आलं होतं. शिवाय बांधायचं म्हणजे बाहेर, सगळ्यांसमोर, निघत्या गाडीपुढं बसायचं. मी लिंबू परत टोपलीत टाकलं. तिचे चार शनिवार असेच गेले.

पाचव्या आठवड्यातला शुक्रवार. संध्याकाळी ती आली, हेल्मेट खाटेवर टाकलं आणि भाकरीचा तुकडा तोडत सहज म्हणाली, "उतारावर पुढचा ब्रेक जरा लांब लागतो. बघते पुढच्या आठवड्यात." आबा, माझी तव्यावरची भाकरी जळाली. चार शनिवार आणि पाचवा आठवडा.

सकाळी मी तिच्या आधी बाहेर आले. हातात लिंबू, मिरच्या, सुई-दोरा. समोरच्यानं नेमकी तेव्हाच किक मारली होती. मला बघून गाडी बंद केली आणि आत गेला. जाऊ दे म्हटलं आणि बसले उकिडवी, गुडघे कुरकुरले. पोरगी दारातून ओरडली, "मम्मी, सगळे बघतायत!" मी म्हटलं, "थांब, गाठ बसू दे." डाव्या हातात दोरा, उजव्या हातानं ब्रेकचा लिव्हर दाबला. तो मुठीला टेकेपर्यंत आला. वरचं रबर सरकवून बघितलं, तर केबलच्या तारा उसवल्या होत्या. दोन तारा धड होत्या, फक्त दोन.

पोरगी जवळ येऊन वाकून बघत राहिली. तिचा चेहरा तुमच्यासमोर ब्रेकशू हातात घेऊन उभी असलेल्या माझ्यासारखाच झाला असणार. मग म्हणाली, "हे कुठं शिकलीस?" त्या दिवशी ती जीपनं गेली. समोरचा कारकून हातात पाण्याचा पेला घेऊन त्याच्या दारात उभा होता. "काकू, काय व्हयनं?" मी केबल दाखवली. त्यानं आपला ब्रेक दोनदा दाबून बघितला.

पुढच्या शनिवारी माझ्या दाराची कडी वाजली. तोच होता, खिशातून लिंबू काढून म्हणाला, "काकू, मन्ही गाडीले बी बांधी द्या ना. लिंबू घरनं आनेल शे." मला हसू आवरेना. त्याच्या मागच्या टायरची नक्षी पुसून गुळगुळीत झाली होती. मी त्याच्या गाडीला लटकलेलं जुनं, सुकलेलं लिंबू उन्हात धरलं, फिरवलं, मान हलवली आणि सांगितलं, लिंबू खालच्या बाजूनं सुकलंय, टायर बदलावा लागेल. सोमवारी नवा टायर आला. काल ओट्यापुढं पाच गाड्या होत्या. कोणीही मला बघून पाणी प्यायला आत गेलं नाही, उलट जाऊबाईच म्हणाल्या, "आता शनिवारी तुझ्याशी बोलायचं तर गाडी घ्यावी लागेल." खरी गोष्ट मी फक्त आपल्या पोरीला सांगितली आहे. बाकीच्यांना नाही. तुमचा शनिवार मी एकदा मोडला, पुन्हा मोडणार नाही.

हे पत्र कुठं पाठवणार? पोरीच्या गाडीसाठी एक जादा केबल आणून ठेवली आहे, ती या कागदात गुंडाळून डब्यात ठेवते. कधी लागली तर ती उघडेल आणि वाचेल, मी वाचायचे तसं. मी दोन्ही पानं एकत्र ठेवते आहे, तिला शेवट मिळेल.

आणि एक, आबा. काल तिची गाडी मी दोनदा तपासली. केबल नवी, चेन ताणलेली, नट घट्ट, ब्रेक बोटाला लागतो. बघण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तरी लिंबू बांधलं, आणि गाठ तीनदा ओढून बघितली. तुमच्या लुनाला लिंबू कशाला होतं, ते मी आता विचारत नाही.