चौदा पायऱ्या

२४ ऑक्टोबर १९७९, बुधवार. सातारा

आबा हसले. मोठ्यानं, ठसका लागेपर्यंत! वर्ष झालं तो आवाज ऐकून. गेल्या दिवाळीत जिन्यावरून पडले, तेव्हापासून घरातला तो आवाजच गेला होता. हाड जुळलं, डॉक्टर म्हणतात आता काही नाही. पण आबा जिन्याकडे बघतसुद्धा नाहीत. रिटायर्ड सुभेदार — आणि उंबरा ओलांडताना एका हातात काठी, दुसरा लेकीच्या, माझ्या खांद्यावर.

हसवलं लालाच्या कॉम्प्युटरनं. लाला, माझा धाकटा भाऊ, अमेरिकेहून साताऱ्याला नोकरीला आला तो हे यंत्र घेऊनच. पडद्यावर एक चिमणा माणूस शिड्या चढतो, फटी उडी मारून ओलांडतो. बटण चुकलं की खाली. पडला की मेला; तीनदा मेला की खेळ संपला.

आबा म्हणाले, "तीनदा मरायचं? आमच्या फौजेत एकदाच मरत्यात." आणि मग थोड्या वेळानं, "आरं लाला, पडला म्हंजे मेला व्हय? उठंल की."

हे आबा म्हणाले!

२८ ऑक्टोबर, रविवार. सांगली

घरी आलो. एसटीत उंब्रज येईपर्यंत आबांचा एकच विषय — पाचव्या शिडीवर उडी कधी मारायची. घरात पाऊल टाकलं आणि पुन्हा तीच खिडकीतली खुर्ची.

वर गच्चीला लागून असलेल्या खोलीत आमचे भाडेकरू मधुकरराव. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. त्यांच्याकडेही एक कॉम्प्युटर आहे, इंग्लंडहून सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. खेळ टेपच्या कॅसेटवर असतो, लालाने ती दिलीय. उद्या बघू.

२९ ऑक्टोबर

कॅसेट चालली नाही. मधुकरराव म्हणाले, "बाई, यंत्र वेगळं. त्याचं याला काही कळत नाही. सगळा खेळ नव्यानं लिहायला लागेल."
"कोण लिहिणार?"
"गणित तुम्हीच शिकवता ना?"

चेष्टा असावी. तरी मी त्यांच्याकडून यंत्राचं पुस्तक मागून आणलं.

६ नोव्हेंबर, मंगळवार

लालाचं जाड पाकीट. खेळाचा प्रोग्रॅम जसाच्या तसा हाताने उतरवून पाठवलाय, नऊ पानं. शेवटी — "आक्का, शाळेत माझी गणितं तू सोडवायचीस. अजून तीच सवय."

रोज शाळेतून आल्यावर एक पान. किती वर्षांनी असं डोकं तापलंय! कणीक मळतानाही तोच विचार. आज भाकरी करपली. आबांनी खाल्ली, मग विचारलं, "कुठं आस्तीस गं हल्ली?"

सांगितलं. तुमचा माणूस साताऱ्याहून सांगलीला आणतेय.

"आन की," म्हणाले. खुर्ची थोडी दाराकडे सरकवून बसले.

११ नोव्हेंबर, रविवार

आज पहिल्यांदा चालवून पाहिलं. वर चढ म्हटलं, माणूस जमिनीत गेला. पुन्हा वर म्हटलं, आणखी खोल.

वीस वर्षं मुलींना आलेख शिकवतेय, वर गेलं की आकडा वाढतो. हा पडदा ओळी वरून खाली मोजतो! मधुकरराव डोळे पुसत हसले. "सुभेदार विहिरीत उतरले की हो." मीही हसले, खुर्चीसकट मागे कलंडले.

खालून हाक. "विजे, काय पडलं गं?"
"तुमचा माणूस, आबा!"
"उठला का?"

१८ नोव्हेंबर

आता दुसरी अडचण. लालाच्या पडद्यावर पंचवीस ओळी मावतात, इथे सोळा. तळाची जमिनीला गेली, वरची गुणांना. उरल्या चौदा. त्यात त्याच्या शिड्या बसत नाहीत. शिड्या काढून टाकल्या, एकच लांब जिना केला. चौदा पायऱ्या, मध्ये मध्ये फटी, वर गच्ची.

आमच्यासारखीच गच्ची. रोज पहाटे आबा तिथे उभे राहून कृष्णा बघायचे. पेन्शनीच्या पैशातून हे घर बांधताना जिना त्यांनी स्वतः उभं राहून करून घेतला होता. आणि त्यावरूनच पडले. त्यांना त्याच जिन्यावर चढवतेय मी — बरं करतेय ना?

कळत नाही. खोडला मात्र नाही.

२५ नोव्हेंबर

यंत्राच्या मेमरीतली जागा संपली. सुरुवातीचं चित्र काढलं. पुरेना. गच्चीवरचा वाऱ्यानं हलणारा झेंडा काढला — जीव तुटला. तरी पुरेना. मधुकरराव म्हणाले, "आता राहू द्या, बाई. जेवढा झाला तेवढा झाला."

जिना उतरताना आबांचं साताऱ्यातलं 'उठंल की' आठवलं. तशीच परत वर गेले. ते तीनदा मरणं काढलं. मरतानाचं रडगाणं काढलं. 'खेळ संपला' काढलं. आता माणूस पडला की जमिनीवर बसतो, उठतो, पुन्हा पहिल्या पायरीपासून.

मरण काढल्यावर इतकी जागा निघते! झेंडासुद्धा परत बसला.

१ डिसेंबर

चालतो! चालतो! चालतो!

२ डिसेंबर, रविवार

"आबा, वर चला. माणूस आलाय."
"गुडघा दुकतोय आज."

आज नाही, जिन्याचं नाव काढलं की रोजच. माझा चेहरा पडला असणार. मधुकरराव म्हणाले, "सुभेदारसाहेब, पुढच्या रविवारी तोच तुमच्याकडे उतरेल."

यंत्र म्हणजे नुसत्या तारा, पेटी नाही, एक तार सुटली तर सगळं बंद. रात्री झोप नाही.

९ डिसेंबर, रविवार

यंत्र पाटावर ठेवून दोघांनी धरून उतरवलं, गणपती आणावा तसं. माझी नजर तारांवरच. मग त्याचा पडदा, म्हणजे टीव्ही, आणला. लावलं. पडदा उजळला, माणूस उभा होता!

आबा पडले. पुन्हा पडले. अकरा वेळा. दर वेळी तो उठला की आबा पुटपुटायचे, "हां, चल." बाराव्यांदा गच्चीवर. झेंडा हलला. मधुकररावांनी टाळ्या वाजवल्या.

आबा हसतील वाटलं. ते पडद्याकडे बघत राहिले.

"किती पायऱ्या घातल्यास?"
"चौदा. आपल्या जिन्याला आहेत तेवढ्याच." पडद्यावर जागा तेवढीच होती, हे नाही सांगितलं.
"बरं," म्हणाले.

१० डिसेंबर, सोमवार

सकाळी चहा घेऊन गेले तर अंथरूण रिकामं. काठी भिंतीला टेकलेली. गच्चीवरून आवाज आला.

"विजे, चौदा कुठनं काडल्यास? सोळा हायत. मोजत आलोय. च्या वरच आण."