स्पीकर पाच, शिंक एक

प्रिय टिल्मान,

आधी बातमी. तुझ्या बाबांच्या कानाला काहीही झालेलं नाही. देवाची कृपा! आता बस आणि निवांत वाच.

तुझ्या नव्या तबकडीवरून बाबांशी भांडून तू दार आपटलंस आणि हॅम्बर्गची गाडी पकडलीस, तेव्हापासून घरात दोन स्पीकरांच्या स्टिरिओचा नुसता उदोउदो चालला होता. चारी बाजूंनी आवाज देणाऱ्या सराउंडसाठी ज्या माणसानं लाइपझिगमधल्या निम्म्या रेकॉर्डिंगवाल्यांशी भांडणं केली, तोच मागचे स्पीकर बंद करून बसायला लागला. वर तुझ्या नावानं जप होताच. "चर्चमधली मैफल रेकॉर्ड केली आणि चर्चच पुसून टाकलं कार्ट्यानं! मागून काही येतच नाही. आणि ती शिंक? उजवीकडे चेलोवाल्यांत बसून कोण शिंकतंय?"

टिल्मान, शिंकले मी होते, मागच्या डाव्या बाकावर. तू "काढून टाकू का?" विचारलंस आणि मीच हौसेनं "राहू दे" म्हटलं. म्हणून तर मला शंका आली. मागची डावी शिंक यांना उजवीकडून ऐकू येते, फोनही हल्ली उजव्याच कानाला लावतात. म्हणजे डावा कान गेला. ज्यानं जन्मभर कानावर भाकरी कमावली, त्याला हे सांगायचं कुणी? तुलाही कळवायचा धीर झाला नाही.

शेवटी माझीच तपासणी आहे अशी थाप मारून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. निघाला काय, तर मळ! वाटाण्याएवढा खडा! तुमच्या धंद्याचा नियम ना, कानाला कुणाला हात लावू द्यायचा नाही. तो बाबांनी इतका पाळला की अंघोळीतही कापसाचे बोळे घालायचे. डॉक्टरीणबाई हसल्या, मी मात्र तिथंच रडले. परतताना बाबा एवढंच म्हणाले, "ट्रॅम इतकी करकरते?"

रविवारी दुपारी त्यांनी तुझी तबकडी काढली. आधी दोन स्पीकरांवर ऐकली, मग पाचही लावले. मी स्वयंपाकघरात आलुबुखाऱ्याच्या केकचं पीठ मळत होते. संथ भाग सुरू होता आणि एकदम बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज आला, "आरोग्य लाभो, गेर्लिंड! शाल घे म्हटलं होतं ना!"

मी शिंकले की ते असंच म्हणतात, पण मी शिंकलेच नव्हते. पिठाच्या हातांनी दारात आले, तर हे मान वळवून डाव्या खांद्यामागच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. "चर्च आहे तिथंच आहे," म्हणाले.

तेव्हापासून फोन उचलतात आणि परत ठेवतात. तुझे बाबा आहेत, 'चुकलं' हा शब्द त्यांच्या तोंडातून निघायचा नाही. म्हणून हे पत्र. एक-दोन दिवसांत त्यांचा फोन येईल. मागचा डावा स्पीकर किंचित जास्त वाजतोय, असं काहीतरी म्हणतील. तीच माफी समज, बाळा, आणि वाद न घालता "बघतो, बाबा" म्हण.

आता सुखानं शिंकणारी, तुझीच,
आई