लोणच्याच्या बरणीपलीकडची जागा

मी, मेजर ह्युबर्ट पेनरोज, आधी पलटणीत आणि पुढे ब्रह्मदेशातल्या कलेंग जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, राहणार सरकारी बंगला, कलेंग, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. गुडघ्यांची हमी देत नाही.

१. माझी तलवार आमचे खानसामे उ बा टिन यांस द्यावी. लढाईत ती म्यानातून निघालीच नाही. त्यांनी मात्र तिने बरेच फणस कापले आहेत.

२. वाघाचे कातडे न्यायाधीश ब्लेंकिन्सॉप यांस मिळू नये. बाकी कोणीही न्यावे.

३. कानात घालायचा उरलेला कापूस न्यायाधीशांच्या पत्नीस. कलेंगमध्ये आम्ही साहेबलोक मूठभर, तरी जेवायला हुद्द्याप्रमाणेच बसायचे. सर्वांत मोठा अधिकारी मी, म्हणून शेजारी सर्वांत मानाची बाई. इतके पावसाळे मी मिसेस ब्लेंकिन्सॉपच्या पोटाच्या तक्रारी ऐकत सूप थंड केले. मिशनच्या नर्स मिस विनिफ्रेड टकर मात्र पार टोकाला, लोणच्याच्या बरणीपलीकडे. त्यांना मागणी घालायची तर ओरडूनच घालावी लागणार. एकदा ओरडलोही. उ बा टिन मीठ घेऊन आले.

४. मेल्यावर हुद्दा उरत नाही. सबब टेकडीवरच्या दफनभूमीत माझ्या शेजारची जागा मिस टकर यांच्यासाठी राखावी. घोडी आणि बाकी सर्व चीजवस्तूही त्यांनाच. मला त्या फार आवडतात. मिसेस ब्लेंकिन्सॉप यांना पलीकडची टेकडी द्यावी.

साक्षीदार पहिला: उ बा टिन (सही).

साक्षीदार दुसरा: यासाठी मिस टकरना बोलावले. त्यांनी उभ्याउभ्याच सगळे वाचले. पुढे झाले ते इथेच नोंदवतो.

"मेजर, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. जिल्ह्यात कायदा तुम्हीच चालवता ना? उ बा टिनांची तलवार घालवलीत की!"

"असू दे बाई," उ बा टिन म्हणाले, "ती केव्हाच माझ्या स्वयंपाकघरात आहे."

"मी सही करणार नाही," मिस टकर म्हणाल्या. माझे तोंड उतरले. "आणि लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र रद्द होतं, हे तरी माहीत आहे?"

"आहे."

"मग विचारा की! आता मध्ये बरणी नाहीये."

मी विचारले. सवयीने जरा ओरडूनच.

"साहेब, मीठ आणू?" उ बा टिन म्हणाले.

सबब दुसऱ्या सहीची जागा कोरी राहिली आहे. हे मृत्युपत्र येत्या शनिवारी चर्चमध्ये रद्द होईल. मेजवानीला ज्याने त्याने हवे तिथे बसावे. माझ्या शेजारची जागा भरली आहे.

ह्युबर्ट पेनरोज
कलेंग, ता. ७ नोव्हेंबर १९११