कुशीवर पडणारा नाकतोडा

गुरुवार, संध्याकाळ. अल बर्शा, दुबई.

ऑफिसातून आल्यापासून हाच उद्योग. जुन्या स्लिपरचा फोम कापून गळावर दोऱ्याने बांधला, रबर बँडचे पाय लावले. पण बादलीत सोडला की हा मासे धरायचा खोटा नाकतोडा कुशीवर पडतो. दोरा जास्त ओढला तर फोम कापला जातो, सैल ठेवला तर गळाभोवती फिरतो. व्हिडिओतल्या माणसाचा कसा सरळ तरंगतो?

शनिवारी न्यूझीलंडला निघायचं. आमच्या रिटाचं तिथल्या मुलाशी लग्न ठरलंय, आणि होणारे व्याही मला नदीवर ट्राउट मासे धरायला नेणार आहेत. चूक माझीच. फोनवर ऐटीत म्हणालो, "फिशिंग? आम्ही वसईचे." वसईत बाजारातून पापलेट आणण्यापलीकडे मी काय केलंय? खोट्या किड्याने माशाला फसवायचं, आणि वर, धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा म्हणे. बायको, सिल्विया, म्हणाली, "मग जायचं कशाला?"

व्याही बघताक्षणी ओळखतील. मुलीचा बाप थापाड्या निघाला, असं वाटलं तर? निदान हा नाकतोडा तरी सरळ तरंगावा.

शेवटी रिटाला फोन करून सगळं सांगितलं. "डॅडा, रिलॅक्स," ती हसली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही येणार म्हणून तुमचे व्याही रोज हाताने भात खायची प्रॅक्टिस करतायत. सगळा शर्टवर सांडतो. तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

बादलीत परत पाहिलं. अजून कुशीवरच आहे.

हाच घेऊन जातो.