छतावरच्या थाळीचं वजन

अकोला,
२ जून १९६६

प्रिय देवमनराव,

परवाच्या वादळाची हकीकत अमरावतीहून आलेल्या शेजारच्या पार्बताबाईंनी सांगितली. तुमच्या कॉलेजच्या आवारातला कडुनिंब पडला, सायकली ठेवायच्या जागेवरचे पत्रे उडाले, पण गच्चीवरची तुमची जाळीची थाळी जागची हलली नाही म्हणे. वारा सुटताच तुम्ही वर धावलात आणि दोर ओढता ओढता तुमचा तळहात सोलून निघाला, हेही त्या म्हणाल्या. बाबा थाळीचं ऐकून खूश झाले. माझं लक्ष हातापाशीच अडकून राहिलं. आता कसा आहे हात?

फाल्गुनात तुम्ही आमच्याकडे आलात, तो दिवस अजून डोळ्यांपुढून जात नाही. उपग्रहांचे आवाज ऐकायला थाळी उभारायची म्हणालात. खाली मुलींची वाचनाची खोली, म्हणून छतावर भार किती येईल हे जाणत्या माणसाकडून कळल्याशिवाय प्राचार्य परवानगी देईनात. बाबांनी बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उभा जन्म काढलेला, त्यामुळे तुम्ही त्यांच्याकडे आलात हे बरोबरच होतं. पण जाताना माझ्याकडे वळून म्हणालात, “थाळीच्या खोलगट पृष्ठभागाचं क्षेत्रफळ तुम्ही काढा. आपल्या वर्गात गणित तुमचंच चांगलं होतं.” लग्न झालं, वर्षाच्या आत हे गेले, मी माहेरी परतले. त्यानंतर माझं काही चांगलं आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं.

मग आपण तिघं त्या गच्चीवर. जाळीचा चौकोनी तुकडा कापून किराणा दुकानाच्या तराजूत तोलला, त्यावरून सगळ्या जाळीचं वजन काढलं. लोखंडी फासळ्या कापसाच्या बाजारातल्या काट्यावर नेल्या. मी आकडे सांगत होते आणि तुम्ही ऐकताना डोळे मिटून घेत होतात, जणू ती थाळी तुम्हाला आत्ताच दिसत होती. उन्हं कलली की अर्धवट जाळीची सावली आपल्या अंगावर पडायची, चौकटीचौकटीची, आणि त्या सावलीत बसल्यावर मला वाटायचं, मी कुठल्या तरी दुसऱ्याच, अजून कुणी न पाहिलेल्या गावात आले आहे.

बेरीज पाहून बाबा हसलेच होते. “वजनाचं काय घेऊन बसले? गच्चीवर लग्नाची पंगत बसली तं याच्याहून जास्त भार होते. भ्या वाऱ्याचं हाय. वारा हिले ढकलीन बी अन् उचलीन बी.” म्हणून त्यांनी थाळीचे पाय छताच्या मधून हलवून खालच्या भिंतींवर घ्यायला लावले, आणि वादळ आलं की तिचं तोंड सरळ आभाळाकडे करायचं, हे तुमच्याकडून घोकून घेतलं.

चैत्रात तुम्ही आम्हाला ऐकायला बोलावलंत. संध्याकाळ होती. चिखलदऱ्याकडचे डोंगर निळे पडले होते. तुम्ही ऐकायचं यंत्र माझ्या हाती दिलंत. आधी नुसती खरखर, मग फार दुरून कुणी शीळ घालत यावं तसा आवाज आला, जवळ आला आणि डोक्यावरून निघून गेला. मी मान वर करून पाहत राहिले. आभाळात काहीच नव्हतं. तुम्ही आभाळाकडे पाहतच नव्हता, हे मला कळलं होतं.

परतताना गाडीने मूर्तिजापूर सोडलं. बाबा म्हणाले, “मले वाटलं होतं, तो आज इचारीन. काहून नाई इचारलं त्यानं?” खिडकीबाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं मागे पळत होती. त्यांचा प्रश्न मला नवा नव्हता. विधवेला विचारलं तर तिचा अपमान होईल, असं तुम्हाला वाटत असावं. किंवा तुमच्या घरचे काय म्हणतील, ही धास्ती असेल. किंवा सगळं माझ्याच मनातलं असेल. तेव्हापासून मी हेच घोळवत बसले.

आज सकाळी बाबांनी शाईची दौत माझ्यापुढे आणून ठेवली. “तो इचारनार नाई, मनू. तुह्या बिनकुंकवाच्या कपायाकडं पाहून भेते तो. तू लिही.” लोक काय म्हणतील, असं मी म्हणाले. त्यावर ते म्हणाले, “लोकायले मी पाहून घेईन. तू फक्त तुले काय पाह्यजे ते सांग.”

म्हणून हे पत्र. देवमनराव, माझ्याशी लग्न कराल? पुढच्या आठवड्यातल्या रविवारी सकाळच्या गाडीने बाबा तुमच्याकडे येणार आहेत. तुमच्या मनात नसेल तर आधी दोन ओळी टाका. मग ते थाळी पाहायला म्हणून एकटेच येतील आणि मी वाईट वाटून घेणार नाही. काहीच कळवलं नाहीत, तर कुंकू लावून मीही गाडीत त्यांच्या शेजारी बसेन.

तुमचीच,
मनकर्णा